सातबारा नसलेल्यांचा दुष्काळ



पाऊस रुसला की सरकार जागे होते, आणि सरकार जागे झाले की पहिली मोजणी सुरू होते ती हेक्टरांची. किती हेक्टर पेरले, किती करपले, हेक्टरी किती रुपये द्यावयाचे, याचे आकडे वृत्तपत्रांतून झळकतात आणि मदत जाहीर झाली म्हणून गाव सुटकेचा श्वास टाकते. परंतु ज्याच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही, त्याच्या घरचा दुष्काळ कोणत्या मापाने मोजावयाचा, हा प्रश्न तलाठ्याच्या दप्तरात नाही, मंत्र्यांच्या भाषणात नाही आणि, खेदाने म्हणावे लागते, आपल्या सभांच्या ठरावांतही क्वचितच असतो. तो प्रश्न आज आपण विचारावयाचा आहे. कारण मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूर-सांगलीच्या कोरड्या तालुक्यांत आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरे या मापाच्या बाहेर उभी आहेत.

दुष्काळ हा अन्नाचा होण्यापूर्वी कामाचा होतो, ही गोष्ट आधी नीट समजून घ्या. पेरणी वाया गेली की खुरपणी नाही. पीक वाढले नाही की कापणी, मळणी, कापसाची वेचणी नाही. शेतकऱ्याचे पीक बुडते तेव्हा मजुराचे दिवस बुडतात. पिकाचा पंचनामा होतो. बुडालेल्या दिवसांचा पंचनामा कोणी करीत नाही. शेतकऱ्याचे नुकसान बांधावर उभे राहून पाहता येते, म्हणून ते कागदावर चढते. मजुराचे नुकसान त्याच्या चुलीपाशी असते, आणि चुलीपर्यंत जाणारा महसुली नमुना अद्याप निघालेला नाही.

यातून काय घडते, हे तुम्हांला सांगावयास नको. गावात काम नाही, दुकानदार उधार देत नाही, आणि अशा वेळी मुकादम दारात येतो. त्याच्या हातात नोटा असतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरून तो उचल देतो, आणि दिवाळीच्या सुमारास ते घर कुलूप लावून साखर कारखान्याच्या फडात जाते. मुलांची शाळा सुटते, म्हातारी माणसे गावात मागे राहतात आणि हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसते. सरकारची मदत जेथे पोहोचत नाही, तेथे मुकादमाची उचल पोहोचते. वेळेवर हातात आलेले काही हजार रुपये माणसाला या सापळ्यातून वाचवू शकतात. म्हणूनच रोख मदतीचा प्रश्न हा आपल्या दृष्टीने पोटाचा जेवढा आहे, तेवढाच स्वातंत्र्याचा आहे.

आता सरकारी कागद काय सांगतात ते पाहू. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांपैकी २४ तालुक्यांत तो गंभीर आणि १६ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा ठरविला. त्याबरोबर सवलतींची यादी प्रसिद्ध झाली. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत काही शिथिलता, गरजेप्रमाणे पिण्याच्या पाण्याचे टँकर, आणि शेतीपंपाची वीजजोडणी न तोडणे, अशा या आठ सवलती होत. त्या एकेक करून तपासा. ज्याला जमीन नाही त्याला महसूल नाही, म्हणून सूटही नाही. ज्याला सोसायटी कर्ज देत नाही त्याच्या कर्जाचे पुनर्गठन कसले? ज्याला विहीर नाही त्याला पंप नाही आणि पंपाचे बिलही नाही. आठांपैकी पाच सवलती जमिनीच्या मालकाच्या आहेत. उरल्या तीन, मुलाची परीक्षा फी, टँकरचे पाणी आणि रोजगार हमी. भूमिहीनाच्या हातात रोख रुपया देणारी एकही सवलत त्या यादीत नव्हती.

पिकाच्या नुकसानीची रोख मदत अर्थातच हेक्टरी. आपत्ती निवारण निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेल्या केंद्रीय निकषांत, ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही २ हेक्टरच्या मर्यादेत, असा दर होता. दुष्काळ असो वा नसो, वर्षाला ६,००० रुपये देणारी पंतप्रधान किसान सन्मान निधी योजना डिसेंबर २०१८ पासून लागू झाली, ती जमीनधारक शेतकरी कुटुंबांसाठी. राज्याने २०२३ मध्ये तिच्यावर आणखी ६,००० रुपयांची भर घातली, तीही त्याच कुटुंबांसाठी. मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य स्वस्तात मिळत असे. जानेवारी २०२३ पासून त्या धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये देण्याचे ठरले, आणि पुढे ते १७० झाले. तेथेही अट ‘शेतकरी’ असण्याची. त्याच गावात, त्याच रंगाची शिधापत्रिका असलेला शेतमजूर मात्र शेतकरी नाही, म्हणून त्याला ना धान्य, ना त्याचे पैसे.

आणि रोख रकमेचा एक गुणधर्म येथेच लक्षात ठेवा. ५ किलो धान्य हे बाजार चढला तरी ५ किलोच राहते. १७० रुपये मात्र बाजार चढला की आटतात. वृद्धांच्या केंद्रीय निवृत्तिवेतनाचेच पाहा. गरीब वृद्धासाठी केंद्राचा मासिक वाटा २००७ साली २०० रुपये होता, आणि त्यानंतर अठरा वर्षे उलटली तरी ६० ते ७९ वर्षांच्या वृद्धासाठी तो २००च राहिला. जी रक्कम महागाईशी बांधलेली नाही ती दरवर्षी थोडी थोडी काढून घेतली जाते, आणि काढून घेणाऱ्याचा हात दिसतही नाही.

येथे कोणी असा ग्रह करून घेऊ नये की आपण लहान शेतकऱ्याच्या मदतीवर डोळा ठेवीत आहोत. तसे मुळीच नाही. एकरभर कोरडवाहू जमीन कसणारा शेतकरी आणि त्याच्या बांधावर खुरपणारा मजूर यांच्यात दुष्काळात फारसे अंतर उरत नाही, आणि आपल्यातीलही अनेकजण असे अल्पभूधारक आहेत. त्याला मिळते ते कमीच आहे. आपले म्हणणे एवढेच, की शेतकऱ्याचे नुकसान मोजण्यास हेक्टर हे योग्य माप आहे, परंतु तेच एकमेव माप ठरले की मजूर हिशेबातून पुसला जातो.

शिवाय आपल्या हाती सातबारा का नाही, याला इतिहास आहे. वतनाच्या तुकड्यावर साऱ्या गावाची राबणूक करून घेणारी व्यवस्था मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी शेती राज्याच्या मालकीची करून, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत अशी योजना मांडली होती. ती स्वीकारली गेली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले. गायरानावर घाम गाळणाऱ्यांपैकी १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण १९९१ साली ठरले. तरी आजही पुष्कळांचे नाव सातबाऱ्यावर चढलेले नाही. त्यांचे पीक करपले तरी मदतीच्या यादीत ते येत नाहीत, कारण कागदोपत्री ते पीक कोणाचेच नसते. बटाईने कसणाऱ्याचीही तीच गत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमिनीपासून दूर ठेवले, त्यांनाच आता जमीन नाही म्हणून मदतीपासून दूर ठेवावयाचे, हा एकाच अन्यायाचा दुहेरी दंड नव्हे काय?

मग कायदा आपल्या बाजूने काही बोलतो की नाही? बोलतो, पण तो मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. संविधानाचे ४१ वे कलम राज्याला सांगते की आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत त्याने कामाचा हक्क, आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण तसेच माणसाचा स्वतःचा दोष नसताना ओढवलेली विपन्नता अशा प्रसंगी सरकारी साहाय्याचा हक्क मिळवून द्यावा. दुष्काळाइतके स्वतःचा दोष नसलेले दुसरे संकट कोणते? हे कलम न्यायालयात दावा लावण्यास थेट उपयोगी पडत नाही, हे खरे; परंतु राज्यकारभाराचे ते मूलभूत तत्त्व आहे, असे संविधानच म्हणते.

याहून महत्त्वाची गोष्ट आपत्ती निवारण निधीच्या त्याच निकषांत दडलेली आहे, ज्यांतून हेक्टरी मदत दिली गेली. ज्या कुटुंबांची उपजीविका आपत्तीमुळे गंभीरपणे बाधित झाली आहे त्यांना निर्वाहासाठी रोख मदत देण्याची तरतूद त्यांत होती, आणि तिला जमिनीची अट नव्हती. २०१५ ते २०२० या काळात तिचा दर प्रौढास रोज ६० आणि मुलास रोज ४५ रुपये असा होता. २०२२ पासूनच्या निकषांत हा दर त्या त्या राज्यातील रोजगार हमीच्या मजुरीशी जोडला गेला, कुटुंबातील २ प्रौढांसाठी. मुदत सामान्यतः ३० दिवसांची, परंतु दुष्काळात ती ९० दिवसांपर्यंत वाढविता येत असे. अशी कुटुंबे कोणती हे ठरविणे राज्यांवर होते.

हिशेब करून पाहा. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी रोज २७३ रुपये होती. दोन प्रौढांचे ३० दिवसांचे होतात १६,३८० रुपये. ९० दिवसांचे होतात ४९,१४० रुपये. २ हेक्टर कोरडवाहू शेतीला त्याच निकषांत मिळत होते १७,००० रुपये. म्हणजे मजुराच्या बुडालेल्या दिवसांचे माप सरकारच्या पुस्तकात होते, त्याचा दरही लिहिलेला होता. फक्त आठ सवलतींच्या यादीत त्याला जागा मिळाली नाही. त्याची मागणी कोणी केली होती, असे उद्या सरकारने उलट विचारले, तर आपल्यापाशी दाखविण्यास किती गावांचे अर्ज आहेत? एप्रिल २०२६ पासून नव्या वित्त आयोगाची पाच वर्षे सुरू होतात. या काळात ही तरतूद कायम राहावी आणि दुष्काळ जाहीर होताच भूमिहीन कुटुंबांना ती आपोआप लागू व्हावी, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

भूमिहीनांना रोख मदत देणे अव्यवहार्य आहे, असे कोणी सांगेल तर त्याला शेजारच्या राज्यांकडे बोट दाखवा. छत्तीसगडने फेब्रुवारी २०२२ मध्ये भूमिहीन शेतमजूर कुटुंबांना वर्षाला ६,००० रुपये देण्यास प्रारंभ केला. पुढे सरकार बदलले, तरी नव्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नावाने १०,००० रुपयांची योजना आणली. तेलंगणाने २०१८ पासून एकरी मदत दिली तेव्हा मजूर वगळला गेला होता. २६ जानेवारी २०२५ रोजी तेथे भूमिहीन मजूर कुटुंबांसाठी वर्षाला १२,००० रुपयांची योजना सुरू झाली, आणि मजूर कोण हे ओळखण्यास रोजगार हमीवरील २० दिवसांच्या कामाची नोंद घेण्यात आली. या योजना दुष्काळापुरत्या नाहीत आणि निर्दोषही नाहीत. परंतु सातबाऱ्यावाचून मजूर ओळखता येतो, एवढे त्यांनी सिद्ध केले. खुद्द महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र स्त्रियांच्या खात्यांत दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले, ते जमिनीचा उतारा न पाहता. मात्र ती योजना शासननिर्णयाची आहे. शासननिर्णयाने दिलेले शासननिर्णयाने काढून घेता येते. कायद्याने दिलेले काढून घेण्यास विधिमंडळात उभे राहून कारण सांगावे लागते. हा भेद आपण कधी विसरू नये.

यावर एक आक्षेप हमखास येतो. फुकट पैसा माणसाला आळशी करतो; त्यापेक्षा काम द्या. आपले उत्तर असे, की कामच द्या. आपण कामाला कधी पाठ दाखविली नाही. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग केला, तिने १९७२-७३ च्या दुष्काळात लाखो घरे तगवली. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडीत आणि माती उपशीत होती. त्यांना आळशी कोण म्हणेल? त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २००५ साली केंद्राने तोच मार्ग धरला. मागणीपासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा लागेल, हे कलम या मार्गाचा प्राण होय. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १०० वरून १२५ झाले. परंतु पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभाही आली. ज्या वर्षी पेरणीही नाही आणि कापणीही नाही, त्या वर्षी ही बंदी मजुराच्या मुळावर येईल. दुष्काळग्रस्त तालुक्यांना ती लागू होता कामा नये, ही आपली दुसरी मागणी.

आणि जे कामावर जाऊच शकत नाहीत त्यांचे काय? बाळंतीण, अपंग, सत्तरीची विधवा यांना खडी फोडावयास सांगणार काय? संजय गांधी निराधार अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे, अशी अट वर्षानुवर्षे चालत आली. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. दुष्काळात दोन वेळ जेवणारे कोणतेही घर या अटीत बसविण्यासाठी माणसाला खोटा दाखला काढावा लागतो किंवा उपाशी राहावे लागते. दुष्काळी तालुक्यांत ही मर्यादा वाढविणे, ही आपली तिसरी मागणी.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्त तुमच्यापैकी अनेकांनी विहारात ऐकले असेल. महाविजित राजाला मोठा यज्ञ करावयाचा होता. पुरोहिताने त्याला सांगितले की राज्यात आधी शेती करणाऱ्याला बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, सेवेत राबणाऱ्याला अन्न आणि वेतन दे. ज्याची जशी उपजीविका, तसे त्याला साहाय्य, हे त्या उपदेशाचे मर्म. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पुरोहिताला जे कळले होते, त्यातील पहिला भाग आजच्या राज्याने उचलला आणि शेवटचा सोडला.

आता तुम्ही काय करावयाचे ते ऐका. ग्रामसभेत लेखी ठराव मांडा की गावातील भूमिहीन कुटुंबांची यादी करावी आणि दुष्काळ जाहीर झाल्यास त्यांना निर्वाह मदत द्यावी. ठरावाची नक्कल मागून घ्या. कामाची मागणी तोंडी करू नका. अर्ज द्या आणि तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर बेकारी भत्ता मागण्यास आधार उरत नाही. अर्जाचे काय झाले हे कळत नसेल तर माहितीच्या अधिकाराने विचारा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मे २०१६ मध्ये स्वराज अभियानाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले होते की दुष्काळग्रस्त भागात केवळ शिधापत्रिका नाही म्हणून कोणत्याही कुटुंबाला धान्य नाकारू नये आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतील मुलांना मध्यान्ह भोजन द्यावे. त्या आदेशाचे कात्रण विहाराच्या फलकावर लावा. घरातील स्त्रीचे स्वतंत्र खाते असू द्या आणि ते आधारशी जोडलेले आहे ना, हे फडात जाण्यापूर्वी पाहा. पासबुक किंवा आधारपत्र मुकादमाकडे गहाण ठेवू नका. उचलीपोटी माणसाला डांबून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे.

आणि कोणी तुम्हांला विचारील की धर्म बदलला, आता सवलती कशाला? त्याला शांतपणे सांगा की दुष्काळाची मदत नुकसान पाहून मिळते, धर्म पाहून नव्हे. आणि ज्या योजना अनुसूचित जातींसाठी आहेत त्यांचा हक्क १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही मिळाला आहे.

दीक्षा घेतली त्या दिवशी आपण गावकीची वाढलेली भाकर नाकारली. सरकारपुढे उभे राहताना तोच बाणा ठेवा. आपण दान मागत नाही. शेतकऱ्याच्या करपलेल्या पिकाला जसा भाव आहे, तसा आपल्या बुडालेल्या दिवसाला भाव मागतो. तो भाव पुस्तकात लिहिलेला होता. पुढच्या दुष्काळाची वाट न पाहता, येत्या ग्रामसभेतच तो वाचून दाखवा.